वर्गातला गोंधळ नेमका कितव्या मिनिटाला सुरू होतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरपूर तालुक्यातल्या एका शाळेत नव्याने लागलेले सर आठवीला विज्ञान शिकवतात. पट ५४. तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा. फळ्याकडे वळलं की मागच्या बाकांवरची चार मुलं तोंडाने आवाज काढतात, खडूचे तुकडे उडतात. त्यातल्या एकाला प्रश्न विचारला की तो असं काही बोलतो की सगळा वर्ग खिदळतो. ओरडून घसा बसला, बाहेर उभं करून झालं, वहीत शंभर वेळा लिहायला लावून झालं. मुख्याध्यापक म्हणतात, ‘दोन ठेवून द्या, सुतासारखे सरळ होतील.’ आता काय करावं?

सर, मी २७ वर्षं धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या शाळांत शिकवते आहे. त्यातली पहिली सहा-सात वर्षं मीही तुम्ही केलंत तेच सगळं केलं, आणि वर ते दोन ठेवूनही दिले. म्हणून आधी त्याचंच बोलते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला मारणं आणि त्याचा मानसिक छळ करणं, दोन्हीला बंदी आहे. केलं तर शिक्षकावर सेवानियमांप्रमाणे कारवाई होते. आठवी या कायद्यात येते. मुख्याध्यापक तोंडी सांगतात, लेखी कधी देत नाहीत, आणि पालक दारात आले की ‘मी असं बोललोच नव्हतो’ म्हणतात. नोकरी तुमची जाईल, त्यांची नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी मार लागू पडत नाही. शेतात आणि घरात रोज खाणाऱ्या मुलाला तुमची चापट म्हणजे काहीच नाही. उलट चौघांत उभं राहून न रडता खाल्ली की मागच्या बाकावर त्याचा भाव वाढतो.

तुमचा प्रश्न ‘गोंधळ झाल्यावर मी काय करू’ असा आहे. जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने वर्गांचं चित्रीकरण करून हेच शोधायचा प्रयत्न केला होता. १९७० साली त्याने जे मांडलं, त्याचं त्यालाही नवल वाटलं होतं. खोडी झाल्यावर शिक्षक कसा रागावतो यात चांगल्या आणि वाईट वर्गांत फारसा फरकच सापडला नाही. फरक होता तो खोडी होण्याच्या आधी. चांगल्या शिक्षकाला एकाच वेळी दोन ठिकाणचं दिसत होतं, त्याच्या तासात रिकामी मिनिटं नव्हती आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना त्याची गाडी अडखळत नव्हती. मी हे वाचलं फार उशिरा, पण वाचल्यावर आपलीच कुंडली कुणीतरी मांडल्यासारखं वाटलं.

तेव्हा पहिला आठवडा काही सुधारू नका. एक छोटी वही खिशात ठेवा आणि प्रत्येक तास संपल्यावर चार गोष्टी लिहा: किती वाजता सुरू झालं, त्याच्या अगदी आधी मी काय करत होतो, त्या मुलाने नेमकं काय केलं आणि त्यातून त्याला काय मिळालं. ‘मस्ती केली’, ‘उद्धटपणा केला’ असं लिहायचं नाही. ‘१:५२, मी आकृती काढत होतो, कोंबड्यासारखा आवाज, तिसऱ्या रांगेतल्या मुली हसल्या, मी वळून ओरडलो, दीड मिनिट गेलं’ असं लिहायचं.

मी पहिल्यांदा अशी वही ठेवली तेव्हा मला वाटत होतं की सातवीची ती पोरं अख्खा तास छळतात. वहीत दिसलं ते वेगळंच. पाच दिवसांत चौदा वेळा गोंधळ, त्यातले नऊ मी फळ्यावर लिहीत असताना. तीन हजेरी घेताना, दोन शेवटच्या पाच मिनिटांत. मी समोर उभी राहून काही सांगत असताना एकदाही नाही. म्हणजे माझी पाठ आणि माझी हजेरी, हीच दोन मुख्य कारणं होती. हजेरीत साठ नावं मोठ्याने पुकारायची, मुलांनी सात मिनिटं नुसतं बसायचं आणि मग शांत नाहीत म्हणून मीच चिडायचं!

तुमच्याही वहीत फळाच येईल असा माझा अंदाज आहे. त्यावर उपाय अगदी साधे आहेत. मोठी आकृती सुट्टीतच काढून ठेवा, घास आटपून दहा मिनिटं आधी वर्गात जा. ते जमलं नाही तर आकृती एखाद्या मुलाकडून काढून घ्या आणि तुम्ही मागे जाऊन उभे राहा. त्या चौघांतल्या एकाचा हात चांगला असेल तर त्यालाच खडू द्या. लिहायचंच असेल तर फळ्याला पाठ न करता खांदा करून, दोन ओळी लिहायच्या आणि वळायचं. मुलं वर्गात शिरतील तेव्हा फळ्यावर एक प्रश्न लिहिलेला असू द्या, बसल्या बसल्या वहीत उत्तर लिहायचं. ते लिहीत असताना बाकांमधून फिरत डोळ्यांनीच हजेरी घ्या. पहिले तीन दिवस निम्मी मुलं लिहिणार नाहीत, ओरडू नका. चौथ्या दिवशी सवय लागलेली दिसते. आणि दारात उभे राहा. जेवणाची खिचडी खाऊन, हापशावर पाणी उडवून, पळत आलेल्या मुलाला दारात ‘काय रे, काय व्हयनं?’ एवढं विचारलं तरी तो वर्गात चालत शिरतो.

आवाजाचं सांगते. आपण ओरडलो की वर्ग क्षणभर गप्प होतो, म्हणून आपल्याला वाटतं की ओरडणं चाललं. मग उद्या त्याहून मोठ्याने ओरडावं लागतं. मी एका दिवाळीनंतर घसा पार बसल्यामुळे नाइलाजाने हळू बोलले आणि तेव्हा शोध लागला. वाक्य अर्धवट तोडून थांबा. ज्या कोपऱ्यात कुजबुज आहे तिकडे बोलत बोलतच चालत जा आणि त्या बाकाच्या शेजारी उभं राहून पुढचं वाक्य पुरं करा. नाव घ्यायचं नाही, बघायचंही नाही. बाकावर दोन बोटं टेकवली तरी पुरे. वर्गाच्या या टोकावरून त्या टोकाला ‘ए, ऊठ!’ केलं की त्याला ५४ जणांसमोर हार मानायची किंवा उलट बोलायचं एवढे दोनच रस्ते तुम्ही शिल्लक ठेवता. चौदा वर्षांचा मुलगा हार मानत नाही.

आता तो हसवणारा. हसू ही त्याची मजुरी आहे. वेचणीला बाई किलोच्या हिशोबाने पैसे घेते, तसा हा प्रत्येक वाक्याला हसू घेतो, आणि तुमचं रागावणं हा त्याचा बोनस. मजुरी थांबली तर काम थांबेल. पण पहिल्या आठवड्यात काम वाढेल, हे आधीच सांगून ठेवते, कारण इथेच सगळे हात टेकतात. तुम्ही लक्ष देणं बंद केलं की तो दुप्पट जोर लावून बघतो. वाजणारी बेल दाबूनही दार उघडलं नाही की आपणही आधी जोरजोरात दाबतो आणि मग निघून जातो, तसंच. त्या चार-सहा दिवसांत एकदा जरी तुम्ही भडकलात, तर तो एवढंच शिकतो की आणखी जोरात दाबलं की दार उघडतं. त्याच वेळी हसू मिळवायची दुसरी, सरळ वाट त्याला द्यावी लागते. प्रयोग दाखवताना त्याला पुढे बोलवा, बीकर धरायला लावा, ‘आता काय होईल, तू सांग’ म्हणा. चुकीचं सांगितलं आणि सगळे हसले तर तुम्हीही हसा. मात्र हे त्याने खोडी करण्याच्या आधी व्हायला हवं. खोडी केल्यावर पुढे बोलावलं तर ते बक्षीस झालं.

आणि ‘बाहेर उभा राहा’ हे विसरा. काही मुलांना नेमकं तेच हवं असतं. वहीतल्या चौथ्या रकान्यात ‘त्याला काय मिळालं’ याचं उत्तर ‘तासातून सुटका’ असं आलं, तर तुमची शिक्षा म्हणजे त्याची सुट्टी आहे. मग पुढचा प्रश्न विचारायचा: हा तासातून पळतोय कशासाठी?

याचं उत्तर मला ज्याने शिकवलं त्याचं नाव लिहीत नाही. गिरणाकाठच्या गावातली शाळा, सातवीचा वर्ग. मराठीच्या बाई रजेवर होत्या म्हणून त्यांचा तास मी घेत होते. हा कंपासपेटीने बाकावर ढोल वाजवत होता. मी म्हटलं, ‘ऊठ आणि वाच.’ माझ्या मनात ती शिक्षाच होती. तो उठला. पहिली ओळ खडखडीत म्हणाला, कारण आधीच्या दोघांनी तीच वाचली होती. दुसऱ्या ओळीत एका जोडाक्षराशी थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मागून कुणीतरी फिसकलं. त्याने पुस्तक मिटलं आणि खिडकीतून बाहेर फेकलं. खिडकीखाली हापसा होता, पुस्तक चिखलात पडलं. मी त्याला एक ठेवून दिली. तो दप्तर तिथेच टाकून निघून गेला, तो अकरा दिवस आलाच नाही. मी घरी गेले तेव्हा त्याची आई ओट्यावर कापसातली पत्ती काढत बसली होती. ती माझ्यावर रागावलीही नाही. म्हणाली, ‘तेले वाचता येत नही मॅडम. तुमले माहीत नव्हतं का?’

दीड वर्ष मी त्या मुलाला गणित शिकवत होते. आकडे त्याला येत होते, म्हणून मला कधी कळलंच नाही.

तुमच्या चौघांपैकी कुणाला ‘वाचता येत नाही’ हे पहिल्या आठवड्यातच शोधा, आणि वर्गासमोर नाही. प्रयोगशाळेत काचसामान पुसायला एकेकाला बोलवा आणि बाटलीवरची चिठ्ठी सहज वाचायला सांगा. आठवीत येऊन जोडाक्षरांशी अडखळणारी मुलं आपल्याकडे कमी नाहीत, आणि विज्ञानाचं पुस्तक तर जोडाक्षरांनीच भरलेलं. ‘मला येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मी मवाली आहे’ म्हणणं त्या वयात सोपं असतं. त्या मुलाला मी प्रार्थनेच्या आधी दहा मिनिटं घेऊन बसायची. पुस्तक नाही, बियाण्यांची पाकिटं, खताच्या गोणीवरचं छापील, एसटीच्या पाट्या. बाकावरचा ढोल महिन्याभरात थांबला. वाचायला यायला दोन वर्षं लागली, तेही जेमतेम. दहावी काही तो एका झटक्यात पास झाला नाही. आता केळीच्या गाडीवर असतो. भेटला की चहा पाजतो आणि त्या चिखलातल्या पुस्तकाची आठवण स्वतःच काढतो. मला अजून ती ऐकवत नाही.

भाषेचं वेगळं सांगायला हवं, कारण तुम्ही पुणे भागातून आलात असं लिहिलंय. आपल्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुलं आहेत, सातपुड्याच्या बाजूने आलेली पावरी किंवा भिलोरी बोलणारी आहेत. पुस्तकाची मराठी त्यांना समजते, पण बोलायला जीभ वळायला वेळ लागतो. माझ्या वर्गात एका मुलीने जलचक्र सांगितलं होतं: ‘पाणी तपस, वर जास, थंड व्हस नि खाले पडस.’ इतकं नेटकं उत्तर मला बी.एड.च्या पाठातही कुणी दिलं नव्हतं. पण तालुक्याच्या गावातली दोन पोरं फिसकली, आणि ती मुलगी त्या वर्षी परत कधी बोलली नाही. फिसकणाऱ्यांना मी रागावले, हे चुकलं. तिचं उत्तर तसंच्या तसं फळ्यावर लिहायचं होतं, ‘तपस’खाली बाष्पीभवन आणि ‘थंड व्हस’खाली संघनन. आता मी तसं करते. मेरी बड रो या संशोधिकेला असं आढळलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतो. थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलतात. जे मूल डोक्यात एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उत्तर नेतंय, त्याला तर ते सेकंद भाकरीइतके गरजेचे आहेत. आपण थांबत नाही, म्हणून तो मोकळा सेकंद तुमचा विदूषक भरून काढतो.

शरीराचंही बघा. मागे बसून बडबड करणाऱ्या मुलाला कधीकधी ऐकूच येत नसतं. लहानपणापासून कान फुटलेला असतो, पू येतो, घरचे कापूस कोंबतात. फळ्यावरचं न दिसणारी मुलं शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात आणि आपण त्याला खोडी म्हणतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा या चौघांची नावं डॉक्टरांना आधीच वेगळी सांगा. नाहीतर ५४ मुलांच्या रांगेत वजन-उंची घेऊन ते पुढे जातात. एखादं मूल कुठल्याच तासाला, अगदी आवडीच्या खेळातही, स्थिर राहू शकत नसेल तर तेही सांगा. तो हट्ट नसून अतिचंचलता असू शकते, पण ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे, स्टाफरूमचं नाही.

शेतीच्या पंपाला लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात मोठी पोरं बापाबरोबर पाणी भरायला जातात. ती दुपारी दीड वाजता एकतर झोपतात किंवा झोप उडवायला खोड्या काढतात. झोपू द्या पंधरा मिनिटं. मी देते. वेचणी सुरू झाली की काही मुलं पंधरा-पंधरा दिवस दिसत नाहीत, ऊसतोडीला गेलेल्यांची तर दिवाळी ते होळी जाते. परत आलेलं मूल मधल्याच धड्यात येऊन पडतं, काही कळत नाही, मग शेजाऱ्याला चिमटा काढतं. अशा मुलाला पहिल्या दिवशी एक जोडीदार आणि दोन पानांचा सारांश द्या. आणि मार्चनंतरच्या जळगाव-धुळ्याच्या उन्हात, पत्र्याखाली, पंखा बंद असताना कुणाकडूनही शिस्तीची अपेक्षा ठेवू नका, स्वतःकडूनसुद्धा.

पालकांना शाळेत बोलावून तक्रार करू नका. बाप सगळ्यांसमोर मुलाला बडवतो, ‘मारा सर, आमची काही हरकत नाही’ म्हणतो आणि जातो. मुलगा ते तुमच्या खात्यावर लिहितो. तुम्हीच एकदा घरी जा आणि पहिल्या भेटीत तक्रारीचा शब्दही काढू नका. काहीतरी चांगलं, खरं असलेलं सांगा. शोधावं लागेल, मला ठाऊक आहे. ‘तुमच्या पोराने बीकर नीट धरलं’ एवढंही चालतं. शाळेतून कुणीतरी कौतुक घेऊन आलं हे त्या घरात पहिल्यांदाच घडत असतं. या भागात अशी भाषणं झडली की अमळनेरच्या साने गुरुजींचं नाव हमखास येतं. १९२४ ते १९३० ते तिथे प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः झाडत. आपल्याकडून तेवढं होणार नाही आणि कुणी अपेक्षाही करू नये. कायद्याने सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, इथे तुमच्यापुढे ५४ बसलेली, वर रोजची ऑनलाईन माहिती भरायची. पण महिन्यातून एक घर जमतं.

वरचं सगळं खोड्यांसाठी आहे. मारामारीत रक्त निघालं, कुणी हत्यार आणलं, मुलींना हात लावला, एखाद्याला रोज गाठून छळलं, तर तिथे दुर्लक्ष, विनोद, थांबणं काही नाही. त्याच मिनिटाला मध्ये पडायचं, तारीख-वेळ घालून लिहून मुख्याध्यापकांना द्यायचं आणि पोच घ्यायची. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवायला सांगायचा. लैंगिक छळाचा संशय असेल तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘गावात वाद नको’ हे कारण चालत नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन वर्गाच्या दारावर लिहून ठेवा.

शेवटी तुमच्या मुख्याध्यापकांचं. त्यांच्याशी मारावरून वाद घालू नका. आठवड्याची वही घेऊन जा आणि एकच मागणी करा: विज्ञानाचा आठवीचा तास जेवणानंतर आहे, तो आठवड्यातले दोन दिवस तरी सकाळच्या तासाशी बदलून द्या, उरलेले दिवस मी प्रात्यक्षिक घेतो. कागदावर वेळ आणि आकडे दिसले की ते नाही म्हणत नाहीत, निदान माझ्या तिन्ही मुख्याध्यापकांनी म्हटलं नाही. चित्रकलेच्या सरांना आधी विचारून ठेवा, तास त्यांचाच जाणार आहे.